नवे एलईडी टाकूनही रस्ता दिसत नाही? हेडलाईटची वायरिंग आणि ॲडजस्टमेंट नेमकी कशी असते, समजून घ्या

डिसेंबर-जानेवारीची रात्र. सांगलीहून आष्ट्याकडे जाणारा रस्ता. उसाचा सिझन जोरात सुरू आहे. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस आणि मागे लाल दिवा असेलच याची काही गॅरंटी नाही.

अशात समोरून एक कार येते. निळसर पांढरे एलईडी, डोळ्यांवर एकदम झगझगाट. तुम्ही अप्पर-डिप्पर मारता, पण समोरचा काही लाईट खाली घेत नाही. कारण त्याची गाडी आधीपासून डिप्परवरच असते.

दोन-तीन सेकंद तुम्हाला फक्त पांढरं दिसतं. आता ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदात ५० मीटर पुढे जाते. त्या ५० मीटरमध्ये तुमच्याच बाजूने चाललेली उसाची ट्रॉली असेल, तर पुढचं सांगायला नको.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ लोकांचा रस्ते अपघातात जीव गेला. दिवसभरात सगळ्यात जास्त अपघात होतात ते संध्याकाळी सहा ते रात्री नऊ या वेळेत. दर पाच अपघातांतला साधारण एक याच तीन तासांतला. आता हे सगळे काही हेडलाईटमुळे होत नाहीत. पण अंधार पडतो, गर्दी असते आणि दिसण्याचा प्रश्न सुरू होतो, ती हीच वेळ.

यावर बहुतेक जण एकच उपाय शोधतात, तो म्हणजे, "समोरचे एवढे लाईट मारतात, तर आपणही टाकू." मग हजार-दोन हजारांत एलईडी बल्बची जोडी येते, जुना बल्ब निघतो, नवा बसतो. भिंतीवर लख्ख उजेड पडतो, मालक खूश होतो आणि रस्त्यावर डोळे दिपवणारी अजून एक गाडी वाढते.

पण खरी गोष्ट अशी आहे, की कमी दिसण्याचं कारण बहुतेक वेळा बल्ब नसतोच. कारण असतं वायरिंग, नाहीतर लाईटचा अँगल. हे दोन्ही नीट न करता टाकलेला महागातला बल्बही वाया जातो, आणि हे दोन्ही नीट असतील तर कंपनीचा साधा बल्बही पुरतो. कसं, ते एक-एक करून बघू.

हेडलाईटच्या आत नेमकं काय असतं?

आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅक आणि जुन्या गाड्यांमध्ये एच-फोर नावाचा हॅलोजन बल्ब असतो. हा बल्ब युरोपात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि अजूनही चालतो. १२ व्होल्टचा हा बल्ब ६०/५५ वॉटचा असतो, म्हणजे अप्परला ६० वॉट आणि डिप्परला ५५ वॉट.

या एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. डिप्परच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटीशी वाटी असते. फिलामेंटचा खाली जाणारा उजेड ही वाटी अडवते. त्यामुळे उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावर पडतो आणि तिथून परावर्तित होऊन खाली, रस्त्यावर येतो. वाटीच्या कडेमुळे भिंतीवर एक स्पष्ट रेष दिसते. रेषेच्या खाली उजेड, वर अंधार. या रेषेला कट-ऑफ म्हणतात.

ही रेष पूर्ण सरळ नसते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून आपल्याकडच्या हेडलाईटची रेष उजव्या बाजूला सपाट असते आणि डावीकडे साधारण १५ अंशांनी वर चढते. म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड जात नाही, पण आपल्या डाव्या कडेचा सायकलवाला, चालत निघालेला माणूस, बैलगाडी लांबूनच दिसते.

म्हणूनच उजव्या बाजूने वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला हेडलाईट स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नये. त्याची रेष उलटी, उजवीकडे वर चढते. म्हणजे थेट समोरच्याच्या डोळ्यात. ओळखायचा कसा? युरोपीय मानकाच्या हेडलाईटच्या काचेवर बारीक खुणा कोरलेल्या असतात. डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी असेल तर आडवा बाण असतो आणि समोर उभं राहून बघितलं तर तो तुमच्या उजव्या हाताकडे जातो. 'एचसीआर' अशी अक्षरं असतील तर एच म्हणजे हॅलोजन, सी म्हणजे डिप्पर आणि आर म्हणजे अप्पर.

मग एलईडी टाकल्यावर बिघडतं काय?

हा सगळा खेळ फिलामेंटच्या जागेवर चालतो. रिफ्लेक्टरचा आकार ठरवताना फिलामेंट नेमकं कुठे असेल, किती लांब असेल, हे गृहीत धरलेलं असतं. त्यात मिलिमीटरभराचा फरक पडला तरी रस्त्यावरचा उजेड इकडचा तिकडे होतो.

हॅलोजनचं फिलामेंट म्हणजे बारीक स्प्रिंग. तिच्या सगळ्या बाजूंनी उजेड बाहेर पडतो. एलईडी बल्बमध्ये एका पट्टीच्या दोन बाजूंना चपट्या चिप लावलेल्या असतात. त्यामुळे उजेड मुख्यतः दोन बाजूंना जातो. पट्टीला स्वतःची जाडी असते. चिपची जागा फिलामेंटच्या जागेशी तंतोतंत जुळली नाही, की कट-ऑफची रेष विस्कटते. काही उजेड रेषेच्या वर, म्हणजे समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात जातो.

बरं, तो उजेड तुमच्या कामाचा असतो का? तर नाही. वर गेलेला उजेड झाडांच्या फांद्यांवर आणि रस्त्याकडेच्या बोर्डांवर पडतो. आणि बऱ्याचदा बॉनेटच्या पुढच्या दहा-पंधरा मीटरमध्ये नको इतका उजेड होतो. दुकानासमोर बघताना हे फार भारी वाटतं. पण जवळ जास्त उजेड असला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं अंधारातलं उलट कमी दिसतं. "उजेड खूप पडतो, पण लांबचं दिसत नाही" ही तक्रार इथूनच येते.

दुसरी अडचण रबरी कव्हरची. एलईडी बल्बच्या मागे उष्णता बाहेर टाकायला पंखा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा असतो. तो मावत नाही म्हणून हेडलाईटच्या मागचं कव्हर काढून टाकतात किंवा त्याला भोक पाडतात. मग पहिल्याच पावसात आत वाफ धरते, धूळ बसते आणि रिफ्लेक्टरची चकाकी जाते. एकदा ती गेली की कुठलाही बल्ब टाका, उजेड कमीच.

मग सगळेच एलईडी वाईट का? तसंही नाही. जी गाडी कंपनीतूनच एलईडी हेडलाईट घेऊन येते, त्यात लेन्स, रिफ्लेक्टर आणि चिप एकमेकांसाठीच बनवलेले असतात. प्रश्न हॅलोजनच्या घरात एलईडीला भाडेकरू ठेवण्याचा आहे. जर्मनीत २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी टाकायच्या एलईडी बल्बना रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, तीसुद्धा सरसकट नाही. कुठला बल्ब कुठल्या गाडीच्या कुठल्या हेडलाईटमध्ये चालेल, याची यादी आहे. त्या यादीत गाडी नसेल तर तो बल्ब तिथेही बेकायदेशीरच.

निळसर रंग दिलेले हॅलोजन बल्ब हा अजून एक प्रकार. दिसायला एलईडीसारखे, पण काचेवरचा निळा थर उजेडाचा काही भाग अडवतो. म्हणजे पैसे देऊन उजेड कमी करून घ्यायचा. पावसात आणि धुक्यात तर त्याचा आणखीनच त्रास.

वायरिंग समजून घ्यायचंय? मोटार पंपाचा स्टार्टर आठवा

आता येऊ वायरिंगवर. गाडी आठ-दहा वर्षांची झाली आणि लाईट पिवळट, मंद वाटायला लागले की लोक बल्ब बदलतात. पण बल्बपर्यंत करंट नीट पोचतोय का, हे फार कमी जण बघतात.

साधा हिशोब करू. ५५ वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे साधारण ४.६ ॲम्पिअर. दोन्ही बल्बचे मिळून ९ ॲम्पिअरच्या वर. बऱ्याच जुन्या गाड्यांत हा सगळा करंट बॅटरीपासून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत येतो आणि तिथून परत पुढे हेडलाईटला जातो. वायर लांब, बारीक आणि स्विचचे पॉईंट घासलेले.

समजा १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ५ मीटर लांब आहे आणि त्यातून १० ॲम्पिअर जातोय. तर फक्त वायरमध्येच साधारण ०.८६ व्होल्ट खर्च होतात. स्विचचे पॉईंट आणि गंजलेला अर्थ यांचा हिस्सा धरला तर एक-सव्वा व्होल्ट सहज जातो.

सव्वा व्होल्टने काय फरक पडतो, असं वाटेल. पण हॅलोजनचं गणित विचित्र आहे. व्होल्टेज थोडं कमी झालं की उजेड फार जास्त कमी होतो. गाडी चालू असताना बल्बला १३.२ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. त्याऐवजी १२ मिळाले, तर व्होल्टेज फक्त ९ टक्क्यांनी घटतं, पण उजेड पाव हिश्श्यापेक्षा जास्त घटतो.

यावरचा उपाय म्हणजे रिले. शेतात मोटार पंप असणाऱ्यांना हे लगेच कळेल. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की बटणातून मोटारीचा सगळा करंट जात नाही. बटण फक्त आतल्या कॉईलला इशारा देतं, कॉईल पट्टी ओढते आणि मोठा करंट त्या पट्टीतून मोटारीला जातो. रिले म्हणजे गाडीतला हाच छोटा स्टार्टर.

साध्या रिलेला चार पिना असतात आणि त्यांचे नंबर ठरलेले असतात.

• ३० : बॅटरीच्या प्लसकडून, फ्यूजमधून येणारी जाड वायर
• ८७ : इथून हेडलाईटला जाणारी जाड वायर
• ८५ आणि ८६ : कॉईल. एकीकडे अर्थ आणि दुसरीकडे जुन्या होल्डरमधून आलेला इशारा

आता स्विचमधून जातो तो फक्त कॉईलचा करंट, म्हणजे अर्धा ॲम्पिअरसुद्धा नाही. स्विच वाचतो आणि हेडलाईटला बॅटरीतून जवळच्या रस्त्याने पूर्ण व्होल्टेज मिळतं. एच-फोरसाठी दोन रिले लागतात, एक अप्परचा आणि एक डिप्परचा.

रिले किट बसवताना कुठे चुकतं?

पहिली चूक फ्यूजची. फ्यूज हा बल्ब वाचवायला नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. त्यामुळे तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. फ्यूज रिलेपाशी लावला आणि बॅटरी ते रिले ही वायर घासून बॉडीला चिकटली, तर मधे करंट थांबवणारं काहीच नाही. ५५-६० वॉटच्या जोडीला १५ ॲम्पिअरचा फ्यूज पुरतो. अप्परचा वेगळा, डिप्परचा वेगळा, म्हणजे एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. सारखा उडतोय म्हणून ३० चा टाकणं किंवा तार गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

दुसरी चूक वायरच्या जाडीची. बॅटरी ते रिले आणि रिले ते बल्ब ही वायर २.५ स्क्वेअर एमएमची असावी. नवं रिले किट म्हणून बारीक वायरचं किट घेतलं तर सगळा उद्योग फुकट.

तिसरी चूक अर्थची. प्लसची वायर सगळे बघतात, मायनस कुणी बघत नाही. करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो. अर्थचा थिंबल रंग लावलेल्या पत्र्यावर बसवला तर संपर्कच होत नाही. तिथला रंग खरवडून, नट घट्ट करून, वरून ग्रीस लावावं. एक हेडलाईट दुसऱ्यापेक्षा मंद दिसत असेल तर आधी त्या बाजूचा अर्थ तपासावा.

चौथी चूक जोडाची. वायर सोलायची, पीळ द्यायचा आणि वरून चिकटपट्टी. इंजिनच्या उष्णतेने चिकटपट्टीचा डिंक वितळतो, पावसाचं पाणी शिरतं आणि जोड काळा पडतो. जोड क्रिंप केलेला आणि त्यावर स्लीव्ह चढवलेली असावी. कंपनीची वायर न कापता तिच्या कपलरमध्येच घुसणारं किट घेतलं तर उत्तम. नको वाटलं तर काढता येतं आणि वायर कापली म्हणून वॉरंटी किंवा इन्शुरन्सच्या वेळी वादही होत नाहीत.

अजून दोन गोष्टी. काही गाड्यांमध्ये स्विच प्लसच्या नाही, तर अर्थच्या बाजूला असतो. तिथे नेहमीचं किट लावलं तर लाईट लागतच नाहीत किंवा भलतेच लागतात. आणि नव्या गाड्यांत बल्ब किती करंट घेतो यावर कंट्रोल युनिटचं लक्ष असतं. तिथे काहीतरी वेगळं जोडलं की लाईट फडफडतात किंवा मीटरवर बल्ब उडाल्याची खूण येते. त्यामुळे नव्या गाडीत घरगुती प्रयोग नकोच. आणि कुठलंही काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस टर्मिनल काढायचं, हा पहिला नियम.

१०० वॉटचे बल्ब टाकले तर?

"हायवेला एकदम टकाटक" म्हणून ९०/१०० वॉटचे बल्ब विकले जातात. ६० च्या जागी १०० वॉटचे दोन बल्ब टाकले, की करंट १० वरून जवळपास १७ ॲम्पिअरवर जातो. वायर तापण्याचं प्रमाण करंटच्या वर्गाने वाढतं. म्हणजे तीच वायर पावणेतीन पट जास्त तापते.

होल्डर काळा पडणं, प्लॅस्टिक वितळणं, स्विच जळणं हे सगळं इथून सुरू होतं. उष्णतेने रिफ्लेक्टरही खराब होतो. रिले टाकून वायरिंग वाचवता येईल, पण रिफ्लेक्टर आणि समोरच्याचे डोळे काही वाचत नाहीत. हे बल्ब रस्त्यावरच्या वापरासाठी नाहीतच.

आता सगळ्यात महत्त्वाचं : भिंतीवरचं गणित

बल्ब चांगला, वायरिंग चांगलं, तरीही दिसत नाही. मग राहतो तो अँगल. आणि हे काम जवळपास फुकटात होतं.

हेडलाईटची कट-ऑफ रेष जमिनीला समांतर जात नाही. ती किंचित खाली झुकलेली असते. बहुतेक कारसाठी हा उतार १ ते १.५ टक्के असतो. १ टक्का म्हणजे दर १० मीटरला १० सेंटीमीटर खाली. तुमच्या हेडलाईटची उंची ६५ सेंटीमीटर असेल, तर १ टक्का उताराने उजेड ६५ मीटरवर जमिनीला टेकतो.

आता समजा हाच लाईट १ टक्का वर गेलाय. मग ५० मीटर पुढे उजेडाची रेष असते ६५ अधिक ५०, म्हणजे ११५ सेंटीमीटरवर. समोरून येणाऱ्या छोट्या कारमधल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. मोटारसायकलवाल्यालाही त्याचा झटका बसतोच.

या दोन्हींत भिंतीवर किती फरक दिसतो? ५ मीटरवरच्या भिंतीवर फक्त १० सेंटीमीटर. जेमतेम अर्धी वीत. एवढ्यात एक गाडी समंजस होते आणि दुसरी वैरी.

उलट लाईट फार खाली असेल तर धोका तुम्हाला. ३ टक्के उतार असेल तर उजेड २२ मीटरवरच संपतो. ताशी ६० चा वेग असताना ब्रेक मारायचं सुचेपर्यंत गाडी साधारण २५ मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला अजून २३ मीटर घेते. एकूण ४८. म्हणजे दिसतं २२ मीटर आणि थांबायला लागतात ४८.

ताशी ८० ला हाच आकडा ७४ मीटरच्या आसपास जातो. म्हणजे लाईट अगदी बरोबर लावलेला असला, तरी डिप्परवर ८० चा वेग हा दिसण्याच्या पलीकडचा आहे. बिनदिव्याची ट्रॉली दिसेल, पण गाडी वेळेत थांबणार नाही. यावर बल्ब हा उपाय नाही, वेग हाच उपाय आहे.

घरच्या घरी ॲडजस्टमेंट कशी करायची?

लागते ती फक्त सपाट जागा, भिंत, टेप आणि खडू. आष्ट्यासारख्या गावात सोसायटीच्या गोडाऊनची किंवा शाळेची भिंत चालते. अंधार पडायला लागला की काम सोपं होतं.

१. टायरमधली हवा बरोबर करून घ्या. डिकी रिकामी करा. ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसवा.

२. डॅशबोर्डवर लाईट खाली-वर करायचा ०, १, २, ३ असे आकडे असलेला नॉब असेल तर तो ० वर ठेवा.

३. गाडी भिंतीला अगदी खेटून उभी करा. दोन्ही हेडलाईटचे मध्यबिंदू भिंतीवर खडूने मारा. दोन्हींमधून एक आडवी रेष आणि प्रत्येक बिंदूतून एक उभी रेष काढा.

४. गाडी सरळ मागे घ्या. हेडलाईट ते भिंत बरोबर ५ मीटर.

५. आडव्या रेषेच्या ५ सेंटीमीटर खाली दुसरी रेष मारा. हा झाला १ टक्का. बऱ्याच गाड्यांमध्ये बॉनेटखाली, हेडलाईटजवळ दिव्याचं चित्र आणि शेजारी टक्के लिहिलेले असतात. तिथे १.२ असेल तर ६ सेंटीमीटर. मोठ्या एसयूव्हीचे दिवे उंच असतात, त्यांना उतार जास्त लागू शकतो. त्यामुळे कंपनीचा आकडा मिळाला तर तोच धरा.

६. डिप्पर लावा. एक हेडलाईट कापडाने थोडा वेळ झाका आणि दुसरा बघा. हॅलोजनची काच तापते, कापड विसरू नका.

७. हेडलाईटच्या मागे ॲडजस्टमेंटचे स्क्रू असतात, एक वर-खाली करणारा आणि एक डावी-उजवीकडे. उजेडाची सपाट रेष खालच्या खडूच्या रेषेवर आणा. रेष जिथून डावीकडे वर चढते, तो कोपरा त्या हेडलाईटच्या उभ्या रेषेवर आला पाहिजे.

८. हेच दुसऱ्या हेडलाईटला करा.

या वेळी भिंतीवर रेषच दिसली नाही, सगळीकडे फिसकटलेला उजेड दिसला, तर दोनच शक्यता. एकतर बल्ब उलटा किंवा तिरका बसलाय, नाहीतर तो बल्ब त्या रिफ्लेक्टरचा नाहीच. अशा बल्बला कितीही स्क्रू फिरवले तरी फरक पडत नाही.

डिकीत पोती टाकली की काय होतं?

ॲडजस्टमेंट एकदम बरोबर केली. मग मागे तीन माणसं बसली आणि डिकीत धान्याची पोती पडली. गाडी मागून ५ सेंटीमीटर दबली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर धरलं, तर गाडीचं तोंड २ टक्क्यांनी वर झालं. आधी लाईट १ टक्का खाली होता, आता तो १ टक्का वर आहे. म्हणजे काहीही न बदलता तुमचा डिप्पर समोरच्यासाठी अप्पर झाला.

तो नॉब यासाठीच असतो. वजन वाढलं की १, २, ३ असं पुढे न्यायचं आणि उतरलं की परत ० वर आणायचं. कित्येकांच्या गाडीत हा नॉब असतो आणि त्याला कधी हातही लागलेला नसतो.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ फक्त याच विषयावर आहे. गाडीपासून ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपता कामा नयेत इतका उजेड खाली वळवलेला हवा, असं तो सांगतो. ही चाचणी कुणालाही स्वतः करता येते. ८ मीटरवर उभं राहून दीड मीटरवर डोळे आणायचे आणि आपल्याच गाडीच्या डिप्परकडे बघायचं.

नियम १११ नुसार गाडीच्या पुढे स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीत आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे बंपरवर किंवा टपावर लावलेले ते फोकस नियमात बसत नाहीत.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार बेकायदेशीर बदलासाठी गाडीच्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लक्षात घ्या, बल्ब बसवून देणारा नाही, गाडीचा मालक.

हेडलाईट कसे आणि कुठे बसवायचे याचं भारतीय मानकही आहे, एआयएस-००८. अशी मानकं प्रसिद्ध करणारी आणि गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे, १९६६ पासून.

मग नेमकं करायचं काय?

क्रम महत्त्वाचा आहे. आधी काच स्वच्छ करा. पिवळी पडलेली काच पॉलिश करून घेतली तरी बराच फरक पडतो. समोरची काचही आतून पुसा, तिच्यावरचा तेलकट थर उजेड पसरवतो. मग भिंतीसमोर ॲडजस्टमेंट करा. तरी मंद वाटलं तर गाडी चालू ठेवून बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजून घ्या. कमी असेल तर अर्थ तपासा, मग रिले. त्यानंतर चांगल्या कंपनीचे ६०/५५ वॉटचेच नवे बल्ब टाका, दोन्ही एकदम.

एवढं करूनही मोठा बदल करायचाच असेल, तर नुसता बल्ब नाही, पूर्ण हेडलाईटचा विचार करा. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा कंपनीचा हेडलाईट तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात बरा, कारण त्यात लेन्स आणि दिवा एकमेकांसाठी बनलेले असतात. पण तुमच्या गाडीचं वायरिंग त्याला चालतं का हे सर्व्हिस सेंटरला आणि कागदोपत्री काय लागतं हे आरटीओला आधी विचारा.

सिझन सुरू होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या आसपास, एक संध्याकाळ यासाठी काढली तरी पुरतं. काम जमलं की नाही हे ओळखायची खूणही सोपी आहे. आष्ट्याहून सांगलीला रात्री एक चक्कर मारा. तुम्ही डिप्परवर असताना समोरून कुणीच तुम्हाला अप्पर-डिप्पर मारत नसेल आणि डाव्या कडेची बैलगाडी तुम्हाला लांबूनच दिसत असेल, तर तुमचे हेडलाईट बरोबर आहेत.